परसदारचे लहान हरितगृह : संचाची जोडणी आणि आतील मांडणी

हरितगृह म्हटले की दहा-वीस गुंठ्यांचे पॉलिहाऊस, त्यातील गुलाब-जरबेरा आणि त्यासाठी काढलेले मोठे कर्ज असेच चित्र डोळ्यांसमोर येते. १९९० नंतरच्या दशकात पुणे, नाशिक, सातारा या भागांत ही शेती फुलांच्या निमित्ताने सुरू झाली, त्यामुळे असा समज होणे साहजिक आहे. परंतु घराच्या मागील अर्ध्या-पाऊण गुंठ्यातही हरितगृह उभे करता येते. पाईप, क्लॅम्प, जाळी आणि पॉलिथिन फिल्म असा तयार संच आता बाजारात मिळतो. घरातील दोन-तीन माणसे व एक जोडारी मिळून तो उभा करू शकतात. स्वतःच्या शेतासाठी भाजीपाल्याची रोपे तयार करणे, पावसाळ्यात टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी, कोथिंबीर घेणे यासाठी एवढी जागा पुरेशी होते.

मात्र संच चांगला असूनही जोडणी चुकली तर दोन प्रकारे नुकसान होते. पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात सांगाडा उपटला जातो किंवा आतील उष्णतेने रोपे करपतात. म्हणून पाया आणि हवा खेळती ठेवण्याची सोय या दोन गोष्टींना या लेखात अधिक जागा दिली आहे.

आपल्याकडे हरितगृह कशासाठी?

थंड देशांत हरितगृह ऊब धरून ठेवण्यासाठी बांधतात. आपल्याकडे थंडीच्या काही रात्री सोडल्या तर उबेची गरज नसते. पावसाचा मारा, पांढरी माशी व मावा यांसारख्या किडी, जोराचा वारा आणि कडक ऊन यांपासून पिकाला वाचविणे हा येथील मुख्य हेतू असतो. त्यामुळे चारही बाजूंनी बंद, बुटके हरितगृह आपल्या हवामानात उपयोगाचे नाही. दुपारी पडदे बंद राहिले तर आतील तापमान बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहूनही अधिक चढू शकते. टोमॅटोमध्ये तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की परागकण निकामी होऊन फूलगळ होते. म्हणजे आपल्याकडील हरितगृह हे वरून छत्री आणि बाजूंनी जाळी असेच असावे.

संच घेण्यापूर्वी

पुढील विवेचनासाठी ५ मीटर रुंद व १२ मीटर लांब, म्हणजे ६० चौ. मी. (सुमारे साडेसहाशे चौ. फूट) आकाराचे, बाजूंना २ मीटर उंच उभे खांब आणि वर कमान असलेले हरितगृह धरले आहे. ६ मीटर लांबीचा एक पाईप वाकवून ५ मीटर रुंदीची व सव्वा मीटर उठावाची एक कमान होते. पाईप वाया जात नाही आणि मधली उंची सव्वातीन मीटर मिळते. याहून बुटका संच घेऊ नये. उंची जेवढी जास्त तेवढी गरम हवा पिकापासून वर राहते.

या आकाराच्या संचात साधारणपणे पुढील साहित्य असावे :

१) पायाचे पाईप १४ आणि त्यांत बसणारे खांब १४.
२) कमानी ७, प्रत्येकी २ मीटर अंतरावर.
३) कमानींना लांबीच्या दिशेने जोडणारे आडवे पाईप, पाच ओळी. एक माथ्यावर, दोन खांद्यांवर व दोन वळचणीला.
४) चारही कोपऱ्यांसाठी तिरपे आधार.
५) दोन्ही टोकांच्या भिंतींसाठी प्रत्येकी दोन जादा खांब, त्यांचे पायाचे पाईप आणि दाराची चौकट.
६) क्लॅम्प, नट-बोल्ट, प्रोफाईल पट्ट्या व झिगझॅग स्प्रिंग.
७) २०० मायक्रॉन (८०० गेज) जाडीची, अतिनील किरणांना टिकणारी फिल्म.
८) ४० मेशची कीटकरोधक जाळी, ५० टक्के सावलीची शेडनेट आणि पडदे गुंडाळण्याचे पाईप व हँडल.

दर कमी सांगितला जातो तेव्हा काटछाट बहुतेक वेळा पाईपच्या आणि फिल्मच्या जाडीत केलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही, वजनकाट्याला मात्र कळते. ४८ मि.मी. बाह्य व्यासाचा, २ मि.मी. जाडीचा, ६ मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाईप साडेतेरा ते चौदा किलो भरतो. त्याच व्यासाचा पाईप दहा-साडेदहा किलो भरला तर जाडी दीड मि.मी.च आहे असे समजावे. छतासाठी लागणारा ७ मीटर रुंद व १३ मीटर लांब फिल्मचा तुकडा २०० मायक्रॉन जाडीचा असेल तर सुमारे १७ किलो भरतो. तो साडेबारा किलो भरला तर फिल्म १५० मायक्रॉनचीच आहे. तेव्हा माल उतरवून घेताना एक पाईप व फिल्मचा गुंडाळा काट्यावर चढवावा आणि मगच पावतीवर सही करावी.

शासनाच्या अनुदानाचा विचार असल्यास खरेदीपूर्वीच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. एवढ्या क्षेत्राला अनुदान बसते काय, कोणता आराखडा लागतो हे विचारून घ्यावे. पूर्वसंमती मिळण्याआधी काम सुरू केल्यास अनुदान मिळत नाही.

जागा व दिशा

जागा घराजवळ, पाण्याजवळ आणि सकाळी नऊनंतर सावली न येणारी असावी. वरून विजेच्या तारा गेलेल्या नसाव्यात. पाणी साचणारी सखल जागा टाळावी. आपल्या भागात पावसाळी वारे पश्चिम व नैऋत्येकडून येतात. हरितगृहाची लांबी दक्षिणोत्तर ठेवल्यास वारा लांब बाजूच्या जाळीतून आत येऊन पूर्वेकडून बाहेर पडतो. शिवाय पाईपांची सावली दिवसभर सरकत राहते, एकाच ओळीवर पडून राहत नाही. पश्चिमेला शेवरी, गिरिपुष्प किंवा बांबूची वारारोधक ओळ असावी, पण ती इतकी जवळ नसावी की तिची सावली अथवा मोडलेली फांदी छतावर पडेल.

आखणी

जागा समतल करून चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकाव्यात व सुतळी बांधावी. ५ व १२ मीटरच्या या आकाराचा एक फायदा आहे. कोपरे काटकोनात असतील तर दोन्ही कर्ण बरोबर १३ मीटर भरतात. दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. एक १३ पेक्षा जास्त व दुसरा कमी आला तर चौकट तिरपी आहे. खुंट्या सरकवून दोन्ही कर्ण सारखे होईपर्यंत पुढे जाऊ नये. येथे राहिलेला पाच सें.मी.चा फरक वर कमानी बसविताना प्रत्येक क्लॅम्पला आडवा येतो. त्यानंतर दोन्ही लांब बाजूंवर दर २ मीटरला खड्ड्याची खूण करावी. एका बाजूला ७, दोन्ही मिळून १४ खड्डे होतात. टोकाच्या भिंतींतील चार खांबांचे खड्डे वेगळे.

पाया

हरितगृहाचा पाया सांगाड्याचे वजन पेलण्यासाठी नसतो, तर सांगाडा उडू नये म्हणून त्याला जमिनीला धरून ठेवण्यासाठी असतो. हे लक्षात न आल्याने पुष्कळ ठिकाणी पाईप नुसते दीड-दोन फूट मातीत ठोकले जातात. प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. ताशी १०० कि.मी. वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो असतो. कमानीवरून वारा जाताना छताला वर ओढतो. ही ओढ दाबाच्या ८० टक्के धरली तरी ६० चौ. मी. छतावर सव्वादोन टन होते. आपला संपूर्ण सांगाडा मात्र जेमतेम तीनशे किलोचा असतो. म्हणजे प्रत्येक पायावर सुमारे १६० किलोची वरच्या दिशेने ओढ येते.

यासाठी खड्डा ३० × ३० सें.मी. लांबी-रुंदीचा व ७५ सें.मी. खोल घ्यावा. तो काँक्रीटने भरल्यावर त्या ठोकळ्याचे वजन सुमारे १६० किलो होते, म्हणजे ओढ व वजन यांचा मेळ बसतो. भोवतालच्या मातीची पकड हा वरचा आधार समजावा. पायाच्या पाईपला तळाशी भोक पाडून त्यातून आडवा गज घालावा. नाहीतर ठोकळा जागेवर राहतो आणि पाईप त्यातून निसटतो. काँक्रीट १:२:४ प्रमाणाचे वापरावे. चौदा खड्ड्यांना सुमारे एक घनमीटर काँक्रीट व सहा ते सात पोती सिमेंट लागते. टोकाचे खांब धरून आठ पोती आणावीत.

काळ्या भारी जमिनीत खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे उथळ ठोकळे वर-खाली होऊन सांगाडा वाकडा होतो. मुरूम फार खोल असल्यास खड्डा रुंद घेऊन ठोकळ्याभोवती मुरूम धुमसून भरावा.

प्रथम चार कोपऱ्यांचे पाईप ओळंब्यात उभे करावेत. त्यांची वरची टोके पाण्याच्या नळीने एका पातळीत आणावीत आणि सुतळी ताणून मधले पाईप त्या सुतळीला लावून बसवावेत. जमिनीच्या उतारावर भरवसा ठेवू नये. काँक्रीटला सात दिवस पाणी मारावे व तोपर्यंत सांगाडा चढविण्याची घाई करू नये.

सांगाड्याची उभारणी

खांब पायाच्या पाईपमध्ये बसवून बोल्ट घालावेत. नंतर दोन टोकांच्या कमानी, मग मधल्या कमानी चढवाव्यात. माथ्यावरील आडवा पाईप आधी जोडावा, त्यामागून खांद्याचे व वळचणीचे जोडावेत. या टप्प्यावर कोणताही बोल्ट पक्का आवळू नये. सर्व कमानी बसल्या, टोकाकडून पाहिल्यावर एका रेषेत आल्या, कर्ण पुन्हा मोजून झाले की कोपऱ्यांचे तिरपे आधार बसवावेत आणि मगच सगळे बोल्ट आवळावेत. तिरपे आधार नसलेला सांगाडा दिसायला ठीक दिसतो, पण लांबीच्या दिशेने वारा आला की पत्त्याच्या घरासारखा एका बाजूला झुकतो.

जोडणीत वेल्डिंग टाळावे. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळून तेथूनच गंज सुरू होतो. करावेच लागले तर त्या जागी झिंक पेंटचे दोन हात द्यावेत. बोल्टची टोके आतल्या बाजूला यावीत. बाहेर आलेले प्रत्येक टोक फिल्मला भोक पाडते. फिल्म जेथे टेकते त्या पाईपच्या वरच्या भागाला पांढरा रंग द्यावा. उन्हात तापलेल्या पाईपवर फिल्म लवकर जळते व नेमकी तेथेच फाटते.

जाळी, फिल्म व पडदे

आधी जाळी, मग छताची फिल्म आणि शेवटी पडदे हा क्रम ठेवावा. बाजूच्या भिंतीचा खालचा ५० सें.मी. भाग फिल्मचा करून तिची कड जमिनीत गाडावी. त्यामुळे पावसाचे शिंतोडे, बेडूक व उंदीर आत येत नाहीत. वरील दीड मीटर उंचीला ४० मेशची जाळी ताणून बसवावी. या जाळीने पांढरी माशी व मावा बहुतांशी अडतो, मात्र फुलकिडे व कोळी अडत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. जाळीमुळे हवेचा प्रवाहही बराच कमी होतो. म्हणून दोन्ही लांब बाजू पूर्ण जाळीच्या ठेवाव्यात. शिवाय टोकाच्या दोन्ही भिंतींचा कमानीखालील वरचा अर्धचंद्राकृती भाग फिल्मने बंद न करता जाळीचाच ठेवावा. प्रत्येक टोकाला असा सुमारे ४ चौ. मी. भाग मिळतो आणि छताखाली साठलेली गरम हवा तेथून निघून जाते. अनेक संचांत हा भाग फिल्मचा दिलेला असतो. तो मागणी करताना बदलून घ्यावा.

फिल्म चढविण्यासाठी वारा नसलेली सकाळ निवडावी. भर दुपारी फिल्म सैल पडलेली असते. त्या वेळी ओढून बसविली तर रात्री आकसून ताणली जाते. पहाटेच्या गारव्यात बसविलेली फिल्म दुपारी सैल पडून फडफडते. ऊन थोडे वर आल्यावर, आठ ते दहाच्या दरम्यान काम उरकावे. फिल्मवर आतली बाजू छापलेली असते, ती पाहून घ्यावी. बाजू उलटली तर थेंब न पडू देण्याचा गुण वाया जातो व पिकावर पाणी ठिबकून करपा वाढतो. फिल्म जमिनीवर ओढत नेऊ नये. एका बाजूने गुंडाळा उलगडत चार माणसांनी ती कमानींवर घ्यावी, आधी एक टोक, मग दुसरे टोक आणि शेवटी बाजू प्रोफाईलमध्ये स्प्रिंगने अडकवाव्यात. दोन्ही बाजूंना सुमारे ६० सें.मी. फिल्म वळचणीखाली उरते, तिचा पागोळ्या बाहेर टाकण्यासाठी उपयोग होतो.

बाजूचे पडदे बाहेरून बसवावेत. वरची कड प्रोफाईलमध्ये आणि खालची पाईपवर गुंडाळलेली असावी, म्हणजे हँडलने पडदा वर-खाली करता येतो. वर्षातील बहुतेक दिवस पडदे वरच राहतात. कडाक्याच्या थंडीच्या रात्री, तिरक्या पावसात आणि वादळात ते खाली सोडावेत. दार दुहेरी असावे. दोन दारांमध्ये एक मीटरची मोकळी जागा ठेवावी आणि एक दार लागल्याखेरीज दुसरे उघडू नये. आत जाताना पाय बुडविण्यासाठी जंतुनाशक द्रावणाची छोटी हौदी असावी.

शेडनेट छताला चिकटवून बांधू नये. फिल्मपासून थोडे अंतर ठेवून ती बाहेरून, दोऱ्यांवर ओढता-काढता येईल अशी लावावी. मार्च ते मे महिन्यांत सकाळी अकरा ते दुपारी चारपर्यंत ती पसरावी व ढगाळ दिवसांत काढून घ्यावी. बारमाही सावलीत रोपे लांबुळकी व अशक्त होतात.

आतील मांडणी

५ मीटर रुंदीत १ मीटर रुंदीचे तीन वाफे आणि ५० सें.मी.च्या चार वाटा नेमक्या बसतात. वाफे ११ मीटर लांब व ४० सें.मी. उंच करावेत. भरणीसाठी पोयट्याची लाल माती ७० टक्के, चांगले कुजलेले शेणखत २० टक्के व भाताचे तूस १० टक्के घ्यावे. मातीचा सामू ६ ते ७ आणि विद्युत वाहकता १ च्या आत असावी. माती आणण्यापूर्वीच तिचे परीक्षण करून घ्यावे. बाहेरून आणलेल्या मातीबरोबर सूत्रकृमी आले तर ते हरितगृहात कायमचे मुक्काम करतात, कारण आत वर्षभर पीक व ओलावा असतो. यासाठी एप्रिल-मे महिन्यांत वाफे भिजवून पातळ पारदर्शक पॉलिथिनने चार ते सहा आठवडे झाकून ठेवावेत आणि कडा मातीने बंद कराव्यात. उन्हाच्या तापाने बुरशी, सूत्रकृमी व तणांचे बी कमी होते. त्यानंतर निंबोळी पेंड व ट्रायकोडर्मा मिसळावे.

केवळ रोपवाटिकाच करायची असेल तर तीन वाफ्यांच्या जागी ९८ कप्प्यांचे सुमारे २०० ट्रे मावतात, म्हणजे एका वेळी साडेएकोणीस हजार रोपे. टोमॅटोच्या दोन ते तीन एकर लागवडीची गरज त्यातून भागते. महागडे संकरित बियाणे उघड्या गादीवाफ्यावर टाकून पावसाने वाहून जाण्यापेक्षा किंवा पांढऱ्या माशीमुळे रोपावस्थेतच पर्णगुच्छ रोग येण्यापेक्षा एवढा आसरा पुष्कळ स्वस्त पडतो. ट्रे जमिनीवर न ठेवता विटांवर अथवा मांडवावर ठेवावेत.

पाण्यासाठी प्रत्येक वाफ्यावर १६ मि.मी.च्या दोन इनलाईन नळ्या टाकाव्यात. सहा नळ्या मिळून ६६ मीटर होतात. ३० सें.मी. अंतरावर ताशी २ लिटरचे ड्रिपर असतील तर पूर्ण दाबाने तासाला ४४० लिटर पाणी पडते. मोटरऐवजी दोन मीटर उंचीवरील टाकीतून पाणी सोडल्यास दाब कमी असल्याने तासाला दोनशे लिटरच्या आसपासच पडते. तेव्हा वेळ दुपटीहून थोडा अधिक धरावा. शेवटच्या ड्रिपरखाली भांडे ठेवून प्रत्यक्ष मोजणे चांगले. गाळण यंत्र बसविल्याशिवाय नळ्या जोडू नयेत.

छताचे पाणी वाया घालवू नये. ५०० मि.मी. पावसात ६० चौ. मी. छतावर ३०,००० लिटर पाणी पडते. वळचणीला पन्हळ लावून ते टाकीत घ्यावे. क्षारयुक्त विहिरीच्या भागात रोपांसाठी याहून चांगले पाणी नाही. पन्हळ नसेल तर दोन्ही बाजूंना चर काढावेत, नाहीतर हेच पाणी पायाच्या ठोकळ्यांजवळ मुरते.

जाळीमुळे मधमाशा आत येत नाहीत. म्हणून काकडीचे परागीभवनाशिवाय फळ धरणारे वाण घ्यावेत आणि टोमॅटोचे झुपके सकाळी दहाच्या सुमारास हलकेच हलवावेत. वेलींच्या तारा सांगाड्याला बांधू नयेत. फळांनी लगडलेल्या पिकाचा भार पेलण्यासाठी कमानी बनविलेल्या नसतात. तारांसाठी वाफ्यांच्या टोकाला स्वतंत्र खांब रोवावेत. मध्यभागी पिकाच्या उंचीवर, सावलीत एक तापमापक टांगावा व दुपारी दोन वाजता त्याची नोंद वहीत ठेवावी. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत नवे पीक न घेता तो काळ माती तापविण्यासाठी वापरणे फायद्याचे ठरते.

वादळाच्या वेळी

३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने घाट ओलांडून पुणे जिल्ह्यातील अनेक पॉलिहाऊसचे नुकसान केले. एरवीही वळवाचा वारा काही मिनिटांत होत्याचे नव्हते करतो. आकाश भरून येताच सर्व पडदे खाली सोडून बांधावेत, दार लावावे आणि शेडनेट काढून ठेवावी. वारा आत शिरला की तो आतून छत उचलतो व बाहेरची ओढ आणि आतला रेटा एकत्र होतात. फिल्म एका ठिकाणी फाटून शिडासारखी फुगू लागली तर सांगाडा वाचविण्यासाठी ती बाहेरून, जमिनीवर उभे राहून कापून टाकावी. वादळात छतावर चढू नये. फिल्म तशीही तीन वर्षांनी बदलावी लागते, सांगाडा मात्र चांगला राखला तर पंधरा-वीस वर्षे साथ देतो.

निगा

मार्चअखेर प्रत्येक बोल्ट व स्प्रिंग तपासावी. लहान भोके त्याच दिवशी चिकटपट्टीने बंद करावीत. जाळीवर धूळ बसली की हवा अडते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी ती पाण्याने धुवावी. गंधकाची वारंवार फवारणी फिल्मवर उडाल्यास तिचे आयुष्य घटते, तेव्हा फवारा पिकापुरताच ठेवावा. पिवळे व निळे चिकट सापळे दाराजवळ लावावेत. किडीची पहिली चाहूल तेथेच लागते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) पाईप व फिल्म वजन करूनच घ्यावी.
२) दोन्ही कर्ण १३ मीटर आल्याशिवाय खड्डे घेऊ नयेत.
३) प्रत्येक पाया ७५ सें.मी. खोल, काँक्रीटचा व तळाशी आडवा गज घातलेला असावा.
४) दोन्ही लांब बाजू आणि टोकांचा वरचा भाग जाळीचा ठेवावा.
५) तिरपे आधार बसवून मगच बोल्ट आवळावेत.
६) माती तपासून व तापवूनच पहिले पीक घ्यावे.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाया, जानेवारीत सांगाडा, फेब्रुवारीत जाळी व फिल्म आणि एप्रिल-मे महिन्यांत मातीचे काम असे नियोजन केल्यास जूनच्या तोंडावर रोपांचे पहिले ट्रे आत ठेवता येतात. लांब पल्ल्याची मोठी गुंतवणूक करण्यापूर्वी या लहान हरितगृहात एक-दोन हंगाम काढून पाहावेत. तापमान, पाणी आणि कीड यांचा जो हिशेब येथे हाताशी बसतो, तोच पुढे दहा गुंठ्यांत उपयोगी पडतो.